गिऱ्हाईक बांधावे की जोडावे?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



‘वाणिज्य शाखेतील संधी’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे आपल्या चिटणीससाहेबांनी मला पत्राने कळविले होते. संधींविषयी सांगणारी माणसे तुम्हाला पुष्कळ मिळतील. मी तीस वर्षे बँकेत छोट्या धंद्यांची कर्जे पाहण्याचे काम केले. त्यामुळे मला जे काही ठाऊक आहे ते दुकानाविषयी आहे, आणि चिटणीससाहेबांची परवानगी गृहीत धरून मी आज दुकानाविषयीच बोलणार आहे. प्रश्न अगदी साधा आहे. एकदा आलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा का येते?

समोर बसलेल्या पालकांकडे मी पाहतो तेव्हा मला कोणाची बेकरी दिसते, कोणाचे शिलाईचे दुकान, कोणाचे गॅरेज, कोणाची फळांची गाडी, कोणाचे मोबाईल दुरुस्तीचे टेबल. भगिनींपैकी कित्येकजणी घरी बसून फॉल-पिको करतात, डबे देतात. या संस्थेत भरली जाणारी बरीचशी फी अशा गल्ल्यांतून येते. आणि आज याच गल्ल्यांसमोर मोठमोठे मॉल उभे आहेत आणि खिशातल्या मोबाईलवर घरपोच माल आणून देणाऱ्या कंपन्या उभ्या आहेत. भावात तुम्ही त्यांच्यापुढे टिकणार नाही, हे मी आपणास स्पष्टच सांगतो. ते ट्रकने माल उचलतात, तुम्ही पोत्याने उचलता. तोटा सोसून वर्षानुवर्षे स्वस्त विकण्याची त्यांची ऐपत असते, तुमची दोन महिन्यांचीही नसते. मग तुमच्याजवळ असे काय आहे, की जे त्यांच्याजवळ नाही?

कर्ज मंजूर करण्यापूर्वी दुकान पाहावयास जाण्याची बँकेत पद्धत असते. मी नेहमी सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जात असे आणि समोरच्या चहाच्या हॉटेलात बसत असे. दुकानदाराने फायलीत काय लिहिले आहे ते तर मी वाचलेले असेच. पण तासाभरात किती माणसे आली, त्यांपैकी किती रिकाम्या हाताने परत गेली, किती जणांना दुकानदाराने नावाने हाक मारली, हे त्या बाकावर बसूनच कळते. त्यातही एक खूण मी विशेष मानीत असे. हातात पैसे आणि चिठ्ठी देऊन लहान मुलाला एकट्याने या दुकानात पाठविले जाते काय? ज्या दुकानात आया आपले सहा-सात वर्षांचे मूल एकटे पाठवितात, त्या दुकानाचे वजन खरे असते, मोड बरोबर मिळते आणि शिळा माल गळ्यात मारला जात नाही. हे प्रमाणपत्र कोणत्याही सनदी लेखापालाला देता येणार नाही. (तराजूविषयी आपल्या धर्मात काय सांगितले आहे ते मी येथे सांगत नाही. ते मौलवीसाहेब माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मी दुकानदारीपुरतेच बोलतो.)

आता गिऱ्हाईक टिकविण्याचे दोन मार्ग असतात. एक, ते बांधून ठेवणे. दुसरा, ते जोडून ठेवणे. बाहेरून पाहणाराला दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हींत तोच मनुष्य पुन:पुन्हा त्याच पायरीवर येताना दिसतो. पण फरक फार मोठा आहे.

बांधून ठेवण्याचा आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे उधारी. उधारीविषयी हल्ली फार गोड बोलले जाते. जुना वाणी कसा अडल्या-नडल्याला देत असे, चोपडीत कसे प्रेमाने लिहून ठेवीत असे, वगैरे. त्यात खोटे काहीच नाही. हातावर पोट असणाऱ्याचे घर महिनाअखेर त्या चोपडीवरच चालते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कामे बंद पडली, तेव्हा गल्लीतल्या छोट्या दुकानदारांनी किती घरांत पीठ-तांदूळ पोहोचविले आणि ‘पैसे नंतर पाहू’ म्हटले, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु उधारीची दुसरी बाजूही मी बँकेत बसून पाहिली आहे. ज्याच्याकडे तुमचे दोन हजार थकले आहेत, तो मनुष्य हातात रोख आली की तुमच्या दुकानावरून जाण्याचे टाळतो. तो मागच्या गल्लीने जातो आणि रोखीचा माल दुसऱ्याकडे घेतो! म्हणजे उधारी तुमची आणि रोख शेजाऱ्याची. त्यातच तुम्ही चार माणसांदेखत त्याला ‘मागचे कधी देणार?’ असे विचारले, की ती दोन हजारांची रक्कमही गेली आणि तो मनुष्यही गेला. त्याच्या इभ्रतीची किंमत तो तुमच्या उधारीपेक्षा जास्त धरतो, आणि बरोबरच धरतो.

उधारी देऊ नका, असे मी म्हणत नाही. द्या, पण तिला मर्यादा घाला, आणि ती मर्यादा पहिल्याच दिवशी हसतमुखाने सांगा. एक वही तुमच्याकडे आणि तशीच एक त्याच्याकडे असू द्या, म्हणजे आकड्यांवरून भांडण होणार नाही. वसुलीचा दिवस त्याच्या पगाराच्या दिवसाला धरून ठेवा. ज्याला दर शनिवारी मजुरी मिळते त्याला महिनाअखेरचा वायदा देणे म्हणजे त्याला चुकावयास शिकविणे होय. आणि तगादा करावयाचा तर एकांतात करा.

मोठ्या दुकानांची कार्डे, गुण जमविण्याच्या योजना, ‘तीन घ्या, चौथे फुकट’ हीसुद्धा बांधण्याचीच साधने आहेत, फक्त दोरी रेशमी आहे. ज्या दिवशी दुसरा जास्त गुण देईल त्या दिवशी गिऱ्हाईक तिकडे जाईल. तेव्हा त्यांची नक्कल करण्यात आपण आपली बुद्धी खर्च करू नये.

जोडलेले गिऱ्हाईक कसे असते, हे पाहावयाचे असेल तर आपल्या घरोघरी माहीत असलेल्या एका बाटलीकडे पाहा. १९०६ साली दिल्लीत हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी ‘हमदर्द’ नावाचा एक लहानसा युनानी दवाखाना काढला. उन्हाळ्यात लोकांना होणारा त्रास पाहून त्यांनी १९०७ मध्ये एक थंडावा देणारे सरबत तयार केले, ते ‘रूह अफ्जा’. १९२२ मध्ये हकीमसाहेब वारले. धाकटा मुलगा तेव्हा दोन वर्षांचाच होता. दवाखाना बंद पडावयास एवढे कारण पुरेसे होते. पण त्यांच्या पत्नी राबिया बेगम यांनी तो चालविला आणि पुढे मोठे चिरंजीव हकीम अब्दुल हमीद यांनी तो वाढविला. १९४८ मध्ये हा सारा धंदा वक्फ करण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नातून शिक्षणाची कामे उभी राहिली. दिल्लीचे जामिया हमदर्द विद्यापीठ, ज्याला १९८९ मध्ये अभिमत दर्जा मिळाला, ते याच घराण्याच्या कामाचे फळ आहे. शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात एवढे सांगितलेच पाहिजे.

पण मला सांगावयाचे आहे ते २०१९ चे. त्या वर्षी रमजानच्या सुमारास रूह अफ्जा बाजारातून नाहीसे झाले. दुकानोदुकानी लोक विचारीत फिरू लागले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. पाकिस्तानातील हमदर्दच्या प्रमुखांनी तर, भारत सरकारने परवानगी दिल्यास वाघामार्गे ट्रक पाठवितो, असे जाहीरपणे म्हटले. मित्रहो, सरबते काय बाजारात थोडी होती? लाल रंगाची, गोड, स्वस्त, पाहिजे तेवढी होती. तरी लोकांना तेच हवे होते. तुमचे दुकान आठ दिवस बंद राहिले तर किती माणसे शेजाऱ्याला विचारतील की, ‘अहो, हे दुकान का बंद आहे? सर्व ठीक आहे ना?’ ती माणसे मोजा. तेवढेच तुमचे जोडलेले गिऱ्हाईक. बाकीचे येणारे-जाणारे.

हे जडते कशाने? तर पहिली गोष्ट म्हणजे माल कालच्यासारखा असणे. आपल्याकडे पहिले सहा महिने उत्तम माल आणि नाव झाले की हात आखडता, असे फार चालते. बिर्याणीचे हॉटेल निघते, गर्दी होते, आणि वर्षाच्या आत मटणाचे तुकडे कमी होऊन भात वाढू लागतो. गिऱ्हाईक बोलत नाही. फक्त येत नाही. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हाच आजचा लिज्जत पापड. सुरुवातीला त्यांनी चांगला आणि जरा हलका, स्वस्त, असे दोन प्रकार करून पाहिले. पण त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमसी पारेख यांनी त्यांना एकच, उत्तम प्रतीचा पापड करावा आणि दर्जात तडजोड करू नये, असे बजावले. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि पावसातही पापड वाळू लागले. ओलसर पापड विकून वेळ मारून नेता आली नसती काय? या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. घरी बसून डबे करणाऱ्या भगिनींनी ती खाट आणि तो स्टोव्ह ध्यानात ठेवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. येथे शिलाईकाम करणारे बंधू बरेच आहेत. त्यांनी राग मानू नये. ‘उद्या या’ हा आपल्या धंद्याला जडलेला जुना रोग आहे. ईद असो, दिवाळी असो, मुलीचे लग्न असो, कपडे घ्यावयास आलेल्या माणसाला तीन वेळा हेलपाटा घातल्याशिवाय आम्ही कपडा देतच नाही. ‘फक्त काजे-बटणे राहिली आहेत’, हे वाक्य ऐकले की समजावे, कापड अजून कापलेलेच नाही! खरे म्हणजे उशीर कोणाच्याही हातून होतो. कारागीर आजारी पडतो, वीज जाते. पण आता प्रत्येकाजवळ फोन आहे. गिऱ्हाईक घरून निघण्याआधी त्याला सांगितले की, ‘ताई, आज होणार नाही, परवा संध्याकाळी सहाला नक्की’, आणि परवा सहाला खरोखरच कपडा तयार ठेवला, तर ते गिऱ्हाईक चिडत नाही. उलट ते चार घरी सांगते की, हा मनुष्य खरे बोलतो. आपल्या व्यवसायात खरे बोलणारा मनुष्य इतका दुर्मीळ झाला आहे, की तेवढ्यावरही दुकान चालते.

गोव्यात पाववाल्याला पोदेर म्हणतात. सकाळी आणि संध्याकाळी सायकलवर टोपली बांधून तो भोंगा वाजवीत वाड्यावाड्यांतून हिंडतो. घरातली मंडळी फाटकाला पिशवी अडकवून ठेवतात आणि तो मोजून पाव टाकून पुढे जातो. समोरासमोर येणेही नाही, की भावाची घासाघीस नाही. एवढा विश्वास कशाने आला? रोज त्याच वेळी भोंगा वाजतो, यानेच. (पुण्याच्या चितळे बंधूंचे दुकान दुपारी एक ते चार बंद असे आणि तरीही लोक चारची वाट पाहात, यावर पुणेकरांनी पुष्कळ विनोद केले. २०१७ पासून ते दुपारीही उघडे राहू लागले. बाकरवडीसारखा माल असेल तर दुपारी झोपावे. नाहीतर आपण जागे राहिलेले बरे.)

तिसरी गोष्ट, तक्रार. पुष्कळ दुकानांत अजूनही पाटी लटकलेली असते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ती पाटी घरी गेल्यावर काढून टाका. एक तर कायदाच तुमच्या बाजूचा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते; बिल न देणे हीसुद्धा. पण कायदा बाजूला ठेवा आणि शाळेत शिकलेले गणित करा. एक कुटुंब महिन्याला तुमच्याकडून तीन हजारांचा किराणा नेते. वर्षाचे ३६ हजार झाले. दहा वर्षांचे तीन लाख साठ हजार. आणि तुम्ही भांडता ते साठ रुपयांच्या किडक्या डाळीच्या पुडीवरून! गिऱ्हाईक पुडी घेऊन परत आले, ही खरे तर चांगली बातमी आहे. त्याला अजून तुमच्याकडे यावयाचे आहे. न बोलता निघून गेलेल्याचे काय करणार? तेव्हा पुडी बदलून द्या, वर ‘बरे केलेत, आणून दिलीत’ म्हणा, आणि त्या पोत्यातली बाकीची डाळ त्याच दिवशी तपासा. शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच आपण करीत नाही. फसवणूक करणारे गिऱ्हाईकही असते, हे मला मान्य आहे. शंभरात दोन-चार असतील. त्या चारांसाठी शहाण्णवांना चोर समजू नये.

आता ज्याविषयी बोलणे जरा नाजूक आहे ते बोलतो. ‘आपला माणूस आहे, त्याच्याकडूनच घ्या’, असे आवाहन अधूनमधून प्रत्येक समाजात होते. त्याने धंदा चालत नाही. आपला माणूस भावनेपोटी एकदा येतो, फार तर दोनदा. शिवाय आपला म्हणून तो घासाघीस जास्त करतो आणि पैसे सर्वांत शेवटी देतो, हे तुम्ही हसलात यावरून तुम्हालाही ठाऊक आहे. माझ्या पाहण्यात जी छोटी दुकाने टिकली, त्यांची खतावणी उघडली तर तीत सर्व आडनावे सापडत. गॅरेजवाल्याचे गिऱ्हाईक पाटील, कांबळे, शहा, फर्नांडिस, खान, असे सर्व असे. ज्याचे हात स्वच्छ, ज्याने जुना भाग काढून दाखविला आणि ‘हा बदलायची गरज नाही’ असे सांगून शंभर रुपये सोडले, त्याच्याकडे लोक जात विचारून जात नाहीत.

याचे महत्त्व नुसत्या नफ्यापुरते नाही. गावात कधी वातावरण बिघडते, अफवा उठतात, कोणाकडून काही विकत घेऊ नका असे निरोप फोनवर फिरू लागतात. त्या दिवशी तुमच्याविषयी कोण काय बोलेल, हे त्या दिवशी ठरत नसते. ते आधीच्या दहा वर्षांत ठरलेले असते. शेजारच्या आजींची औषधे तुम्ही बाजारातून येताना आणलीत काय, दुकानासमोर पाण्याचा माठ ठेवलात काय, बंद घराची किल्ली लोक तुमच्याकडे ठेवून जातात काय, दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलाची पंक्चर सायकल तुम्ही सर्वांच्या आधी हातात घेतलीत काय, यावर ते ठरते. यांतल्या एकाही गोष्टीचे बिल होत नाही. मोबाईलवरच्या कंपनीला यांतली एकही गोष्ट करता येत नाही. तुमच्याजवळ असे काय आहे, म्हणून मी सुरुवातीला विचारले होते. तर हे आहे. तुम्ही त्या गल्लीत राहता. तुमचे गिऱ्हाईक तुम्हाला रस्त्यात भेटते, दवाखान्यात भेटते, मयतीला भेटते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडे. शाळेच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहिताना ‘नोकरी’ हा शब्द मोठ्या अक्षरात आणि ‘धंदा’ हा शब्द बारीक अक्षरात लिहिला जातो, हे मी अनेक अर्जांवर पाहिले आहे. आणि पालकांनो, तुमच्यापैकी काहीजण ‘शेवटी दुकानातच बसायचे आहे’ म्हणून मुलाला नववीतून काढता. दोन्ही मला मान्य नाही. दुकानात बसणाऱ्यालाच शिक्षण जास्त लागते. कोणत्या मालावर किती सुटते, कोणता माल पडून राहतो, जीएसटीचे कागद काय सांगतात, बँकेच्या अर्जावर कोठे सही करू नये, हे ज्याला वाचता येत नाही त्याची कमाई दुसरेच खातात. मुलींना तर मी विशेष सांगेन. घरच्या डब्यांचा किंवा शिलाईचा हिशेब आईला लिहून देणारी मुलगी घरातली पहिली मुनीम असते. आईच्या श्रमाचे तास त्या हिशेबात धरावयास मात्र विसरू नका. ते कोणीच धरीत नाही आणि म्हणून डबा स्वस्त वाटतो.

मे महिन्याच्या सुट्टीत एक काम करा. स्वतःच्या वडिलांच्या, मामांच्या, नाहीतर ओळखीच्या कोणाच्या दुकानात पंधरा दिवस रोज दोन तास बसा. मोबाईल खिशात ठेवा. एका वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात, गिऱ्हाईकाने मागितले पण दुकानात नव्हते असे काय काय होते. दुसऱ्यात, कोणी काय परत आणले आणि त्याला काय उत्तर मिळाले. तिसरा रकाना वडिलांना विचारून भरावा लागेल : पूर्वी नेहमी येणारे पण गेले दोन महिने न आलेले कोण. तिसऱ्या रकान्यातील एखाद्या घरी वडिलांबरोबर जाऊन यावे. माल खपविण्यासाठी नव्हे, नुसती विचारपूस करण्यासाठी. त्यांनी काय सांगितले तेही वहीत लिहावे, कडू असले तरी लिहावे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर या वह्या वाणिज्यच्या शिक्षकांकडे द्याव्यात. मी स्वतः येऊन त्या वाचणार आहे, असे मुख्याध्यापकांना सांगून ठेवले आहे.